.३२ रिव्हॉल्वरसाठी स्नॅप कॅप: घ्याच, पण आधी हे वाचा

घरी ड्राय फायर केलं, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबला, तर रिव्हॉल्वर खराब होतं का, हे रेंजवर कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी अ‍ॅल्युमिनियमच्या स्नॅप कॅपचा (दारू नसलेली, सरावाची नकली काडतुसं) सहाचा सेट घेतलाय आणि एकदम समाधानी आहे.

चेंबर रिकामं असताना ट्रिगर दाबला की फायरिंग पिनला (काडतुसाच्या मागे आदळणारी टोकदार पिन) समोर टेकायला काहीच नसतं. हल्लीच्या सेंटरफायर (पिन काडतुसाच्या मधोमध मारणाऱ्या) रिव्हॉल्वरला त्याने सहसा काही होत नाही, स्मिथ अँड वेसन आणि रुगर तर चालतं असंच सांगतात, पण जुन्या रिव्हॉल्वरमध्ये पिन हॅमरवरच (घोड्यावर) बसवलेली असते ती तुटू शकते, आणि आपल्याकडे आजोबांच्या लायसन्सवरची वेब्ली अजून कपाटात असते, तिची पिन तुटली तर आणणार कुठून? स्नॅप कॅपमध्ये प्रायमरच्या (काडतूस पेटवणाऱ्या टिकलीच्या) जागी मऊ भाग असतो, पिन त्याच्यावर आदळते, विषय संपला.

आधी एका दुसऱ्या कंपनीचे प्लास्टिकचे घेतले होते, ते घेऊ नका. कडा तुटल्या, मग रिव्हॉल्वर उघडायला बॅरल खाली पाडली की एक्स्ट्रॅक्टर (काडतुसं वर उचलणारा भाग) त्या तुटक्या कडेवरून सटकायचा आणि कॅप चेंबरमध्येच, पेन्सिलने ढकलून काढा! अ‍ॅल्युमिनियमचे सहाच्या सहा एकदम वर येतात. वजनाला हलके आहेत, भरलेल्या सिलिंडरचा भार हातात जाणवत नाही, एवढाच एक स्टार कापला. डबल अ‍ॅक्शनच्या (हॅमर मागे ओढायचं कामही ट्रिगरच करतो) जड ट्रिगरला फ्रंट साइट हलू न देता दाबायची सवय मात्र याच्यानेच लागते.

.२२ वाल्यांनी थांबा. रिमफायरमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर मारते, रिकामं असेल तर सरळ चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथे खळगा पडतो. .२२ च्या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच डमी फक्त लोडिंगच्या सरावासाठी असतात, पाकिटावर नीट वाचून घ्या.

आणि हे सगळं झालं हत्याराचं, माणसांचं काय? स्नॅप कॅप तिथे काहीच वाचवत नाही. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, सहाही चेंबर डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, उजेडात, कॅप रंगीत आहेत तरी. नेम जाड भिंतीवर धरा, पलीकडे शेजाऱ्यांचं घर नको. मला सगळ्यात भीती वाटते ती सराव संपल्यावरची, रिव्हॉल्वर परत भरून झालेलं असतं आणि हात म्हणतो अजून एकदाच दाबून बघू. त्यामुळे भरायचंच असेल तर सरावाच्या खोलीतून बाहेर पडून, कॅप डबीत मोजून ठेवल्यावरच भरा.