लुगड्यातल्या बाईचं पेंटिंग : दिवाळी ते पोळा, वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत समोरच्या खोलीसाठी हे पेंटिंग ऑनलाइन मागवलं. दोन बाय अडीच फूट, कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक, हातानं रंगवलेलं, साडेचार हजारांना. आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या खेड्यात. एसीच्या हॉलमध्ये लावणाऱ्यांनी लिहिलेलं बरंच वाचायला मिळतं, म्हणून हे आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी.

लांब मान, मिटत आलेले मोठे डोळे, बोटं नावापुरती, हिरव्या लुगड्याचा सपाट रंग. पण खरी मजा काठात. मरून पट्टीवर करवतीचे दाते एकेका फटकाऱ्यात ओढलेत. काही जाड, काहींची टोकं मोडलेली. भंडारा जिल्ह्यातल्या टसरच्या करवती साड्यांना असतो तसाच काठ. छापील प्रतीत हा रंगाचा थर मिळत नाही.

दागिन्यांत मात्र चित्रकार घसरला. नाकात मोत्यांची भलीमोठी नथ आणि हात कोरे! आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या हातावर गोंदण दिसणारच. आजीनं पाहिल्याबरोबर विचारलं, "बाप्पा, हे वावरात चालली का वरातीत? कमरीले इळा नाई, अन् नथ पाय केवढी!" पाहुण्यांना मात्र नथच आवडते, त्याला काय करणार.

आता टिकण्याचं. कापसाचा वेचा सुरू झाला की आमच्याकडे अर्धं घर कापसाचं. भाव वाढायची वाट पाहत तो घरातच पडून राहतो. त्याची रुई कॅनव्हासच्या विणीत अडकते. हिवाळ्यात मऊ कोरड्या ब्रशनं निघाली. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा तसं नाही. अ‍ॅक्रिलिक उष्णतेनं नरम पडतं आणि तेव्हा बसलेली धूळ चिकटूनच राहते. खालच्या कोपऱ्यात, पदराजवळ, अजून करडी झाक आहे. वरून वार्निश मारलेलं असेल तर धूळ रंगापर्यंत जात नाही. माझ्या चित्रावर नव्हतं, मागवताना हे आधी विचारा.

कूलरसमोर टांगू नका. त्या ओल्या हवेनं कॅनव्हास सैल पडून मधोमध झोळ आला होता. मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी होत्या, त्या हलक्या हातानं ठोकल्यावर ताण परत आला. स्वस्तातल्या चौकटींना सहसा पाचरी नसतात.

सगळ्यात वाईट निघाली बाहेरची एमडीएफची, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीची, फ्रेम. पावसाळ्यात खालची कड फुगून पापुद्रे निघाले. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर ओलावा वॉरंटीत बसत नाही म्हणे! शेवटी गावातल्या सुताराकडून सागाची पट्टी बसवून घेतली, तीच आधी बसवायला हवी होती त्यांनी.

चित्राला चार तारे, फ्रेमला एक. काच लावून देऊ का विचारतील. घ्यायचीच तर काच आणि रंग यांच्यात फट ठेवायला सांगा, नाहीतर उन्हाळ्यात रंग काचेला चिकटेल.