बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन, पुण्यातल्या हॉस्पिटलचा अनुभव
बाबा 66 वर्षांचे, रात्री चार-पाचदा लघवीला उठायचे, आम्हाला वाटलं वयामुळे असेल, पण पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आला 11, म्हणजे वाढलेला, मग एमआरआय, बायोप्सी आणि ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा स्कोअर) 4+3, म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर, पायाखालची जमीनच सरकली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं की पूर्ण ग्रंथी काढायची, नंतर काही महिने लघवीवर कंट्रोल राहणार नाही हेही आधीच सांगितलं, हे मला फार आवडलं. रोबोटिक सर्जरी झाली, तिसऱ्या दिवशी घरी, कॅथेटर (लघवीची नळी) दहा दिवस. सिस्टरांनी युरिन बॅग रिकामी करायला माझ्याकडून दोनदा करून घेतलं, खूप धीर आला. बिलिंगवाले मात्र बेकार, इन्शुरन्सच्या अप्रूव्हलसाठी सहा तास, बाबा बॅग हातात धरून खुर्चीत बसलेले. दीड महिन्याने पीएसए 0.1 च्या खाली!