लाख किलोमीटरवाला टायर की पकडवाला? चारही टायर बदलायच्या आधी

टायरच्या दुकानात आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती किलोमीटर जाईल?" मीही वर्षानुवर्षं हाच विचारत आलो. आता मला वाटतं, त्याआधी आपणच दोन उत्तरं तयार ठेवावीत: आपली गाडी वर्षाला किती फिरते आणि पावसाळ्यात कुठे फिरते.

लहान गाड्यांच्या टायरमध्ये ढोबळमानाने दोन तऱ्हा आहेत. एक टिकाऊपणावर विकली जाते. सीएटचा मायलेझ किंवा अपोलोचा अमेझर फोर-जी लाइफ या गटातले. दुसरी तऱ्हा पकड आणि आरामावर विकली जाते. अपोलोचा अल्नॅक, सीएटचा सिक्युराड्राइव्ह त्यातले. एकाच कंपनीला दोन्ही वेगवेगळे बनवावे लागतात, यातच उत्तर आहे. झिजायला चिवट रबर ओल्या रस्त्याला तितकं चिकटत नाही आणि चिकटणारं रबर लवकर झिजतं. रबरात सिलिका घालून हे अंतर बरंच कमी करता आलंय, पण मिटलेलं नाही.

आता हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, तुमच्या दुकानातले घालून बघा. टिकाऊ टायर ४,५०० रुपयांना आणि ८०,००० किलोमीटर चालणारा. पकडीचा ५,२०० रुपयांना आणि ४५,००० चालणारा. चार टायरचा खर्च किलोमीटरला अनुक्रमे साधारण २३ पैसे आणि ४६ पैसे. वर्षाला ३०,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला हा फरक ७,००० रुपयांच्या आसपास जातो. टॅक्सीवाल्याने किंवा रोज तालुक्यांमधून फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधीने टिकाऊ टायर घेतला तर ते बरोबरच आहे.

पण घरची गाडी वर्षाला ८,००० फिरते. ८०,००० पुरे व्हायला दहा वर्षं लागतील. रबर तेवढं थांबत नाही. ऊन, उष्णता आणि हवा यांनी ते आतून कडक होत जातं, गाडी उभी असली तरी. सहा वर्षांनी टायर बदलायचा धरला तर ४८,००० किलोमीटरच वापरून होतील. मग त्याच टायरचा खर्च २३ नाही, ३७-३८ पैसे पडतो. फरक उरला वर्षाला ७०० रुपयांचा. एवढ्यासाठी ओल्या रस्त्यावरची पकड सोडायची का? माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे.

हे मत मी कागदावर बनवलेलं नाही. जुलैत कोयनानगरकडून कुंभार्ली घाट उतरत होतो. टायर पाच वर्षांचे, टिकाऊ जातीचे, नक्षीच्या खाचा अजून ४ मि.मी. खोल. म्हणजे कायद्याने लागणाऱ्या किमान १.६ मि.मी.पेक्षा कितीतरी जास्त. वळणावर पुढे एसटी थांबलेली दिसली, ब्रेक दाबला, एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, पायाखाली थरथरलं आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरकत राहिली. एसटीच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर उभी राहिली. मागच्या सीटवर आई होती. खाली पोफळीत चहाला थांबलो तेव्हा टायरला नख लावून पाहिलं. रबर दबलंच नाही. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. नक्षी होती, टायर संपला होता.

म्हणून दुकानात कंपनीच्या नावाइतकंच तारखेकडे बघा. टायरच्या कडेवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि चाक चढवल्यावर ती बाजू आत जाऊ शकते. तेव्हा रिमवर चढवण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून चारही टायरचे आकडे वाचा. सहा महिन्यांच्या आतला माल असेल तर उत्तम. वर्षापेक्षा जुना मी घेत नाही, सूट मिळाली तरी. आपल्याकडे तर चाकणला, वाळूजला, नाशिकला टायर बनतात, ताजा माल मागायला संकोच कसला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, जुन्या बिलाशी भाव ताडताना तेही धरा.

पकडीच्या टायरचा एक तोटा मान्य करायला हवा. त्यातल्या काहींची कड तुलनेने नरम असते. खड्ड्यात आदळून कडेला फुगा येण्याची धास्ती मला टिकाऊ टायरपेक्षा इथे जास्त वाटते. फुगा आला की टायर गेला, तो दुरुस्त होत नाही. वॉरंटी बहुतेक वेळा कारखान्यातल्या दोषाची असते, खड्ड्याची नाही. रोजचा रस्ता गावाकडचा, खडीचा असेल आणि वेग चाळीसच्या पुढे जात नसेल, तर टिकाऊ टायरच घ्या.

रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेला टायर, ट्रकच्या मागच्या चाकांना ठीक. घरच्या कारला नको. दुसऱ्याच्या नव्या गाडीवरून उतरवलेले टायर स्वस्तात मिळतात. तारीख आणि कडेची आतली बाजू स्वतः पाहता येत असेल तरच विचार करा.

चारचे पैसे एकदम नसतील तर दोन घ्या, पण नवे मागे चढवा. दुकानदार पुढे घालायला सांगेल, कारण पुढचे लवकर झिजतात. पण ओल्या वळणावर पुढची चाकं सरकली तर स्टिअरिंग ढिलं जाणवतं, वेग कमी करून सावरता येतं. मागची सरकली तर गाडी फिरते, आणि ती सावरणं तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात नसतं.

कुठलाही घ्या, हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी. समृद्धीसारख्या रस्त्यावर तासन् तास शंभरच्या वर चालवायचं असेल तर निघायच्या सकाळीच. कमी हवेचा टायर फिरताना सारखा दबतो, दबून तापतो आणि तापला की फुटतो. मग तो लाख किलोमीटरवाला असो वा पकडवाला. स्टेपनीची हवाही त्याच वेळी बघून घ्या.