फुल सस्पेन्शन सर्व्हिसचे पैसे घेतले, फोर्क उघडलाच नाही

ज्यांच्याकडे एअर फोर्कवाली (पुढच्या चाकाला हवेच्या दाबावर झटके शोषणारा फोर्क असलेली) एमटीबी, म्हणजे कच्च्या-डोंगरी रस्त्यांची सायकल, आहे आणि पावसाळ्यानंतर ती सर्व्हिसला टाकायचा विचार चाललाय त्यांनी प्लीज हे पूर्ण वाचा, खास करून सातारा, कराड, कोल्हापूर, नाशिककडचे लोक, ज्यांना गावात सस्पेन्शनचं काम करणारं कुणी मिळत नाही आणि सायकल पुण्या-मुंबईला नेऊन ठेवावी लागते. माझे साडेआठ हजार गेले. पैशापेक्षा जास्त संताप याचा की त्या माणसाने फोर्कला पाना लावलाच नव्हता, आणि सर्व्हिस झालीय असं समजून मी सायकल चालवत राहिले त्यामुळे स्टँशनचं, म्हणजे फोर्कच्या वरच्या चकचकीत नळ्यांचं, कोटिंग कायमचं घासलं गेलं. त्याचं नाव आणि दुकान इथे लिहीत नाहीये कारण ग्राहक आयोगात तक्रार दिलेली आहे आणि मला त्यात कुठलाही फाटा फुटायला नकोय. पण पद्धत सगळी सांगते, कारण ही पद्धत एकट्या त्याची नाहीये.

माझी हार्डटेल आहे, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे, 120 मिमी ट्रॅव्हलचा (फोर्क जास्तीत जास्त तेवढा दबतो) एअर फोर्क. साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या वर, कास रोडच्या आजूबाजूचे कच्चे रस्ते, जांभ्याची लाल माती, पावसाळ्यात तिचा लगदा होतो आणि तो सगळा पुढच्या चाकावरून थेट फोर्कच्या सीलवर येऊन बसतो. अशा ठिकाणी चालवणाऱ्याला सर्व्हिस टाळता येत नाही. रॉकशॉक्सवाले (फोर्क बनवणारी कंपनी, फॉक्सही तशीच) दर 50 तासांच्या रायडिंगनंतर लोअर लेग सर्व्हिस (खालचे पाय उघडून साफ करून ऑइल बदलणं) करा म्हणतात आणि डँपर (ऑइलने फोर्कची हालचाल काबूत ठेवणारा भाग), एअर स्प्रिंगचं (आतल्या हवेच्या भागाचं) मोठं काम मॉडेलप्रमाणे 100 किंवा 200 तासांनी, फॉक्सवाले 125 तास किंवा वर्षातून एकदा म्हणतात, आणि हे आकडे चिखलात चालवणाऱ्याने आणखी कमीच धरायचे.

पुण्यातल्या या माणसाची जाहिरात होती सस्पेन्शन स्पेशालिस्ट म्हणून. पॅकेजमध्ये काय काय: दोन्ही पाय उघडून साफ करणार, वायपर सील (नळ्यांवरची माती बाहेर अडवणारं रबर) आणि फोम रिंग नवीन, इम्पोर्टेड सील किट, ऑइल नवीन, एअर स्प्रिंगला ग्रीस, एक टोकन (आतली हवेची जागा कमी करणारा तुकडा, त्याने फोर्क तळाकडे कडक होतो) वाढवून देणार आणि शेवटी माझ्या वजनाला कस्टम ट्यूनिंग. बोलायला एकदम गोड, "ताई तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका, फोर्क नवीन होऊन मिळेल." बिल मागितलं तर म्हणाला व्हॉट्सॲपवर टाकतो. ते आजपर्यंत आलं नाही. पैसे यूपीआयने दिले होते आणि नोटमध्ये फोर्क सर्व्हिस असं लिहिलं होतं, ते आता कामाला आलं.

सायकल घ्यायला गेले तेव्हा त्याने हँडल धरून फोर्क दोन-चार वेळा दाबून दाखवला, मलाही दाबायला लावला, आणि खरंच लोण्यासारखा चालत होता. इथेच लोक फसतात म्हणून हे जरा सविस्तर सांगते. हाताने दाबून फोर्क मऊ लागणं याचा सर्व्हिसशी काही संबंध असेलच असं नाही. स्टँशनवर सिलिकॉन स्प्रे मारला आणि कापडाने पुसला की सील एक-दोन दिवस सुळसुळीत चालतात. वर एअर प्रेशर कमी केलं की थोड्याशा जोरातही फोर्क खाली जातो. आणि रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारा पायाच्या तळाशी लाल नॉब असतो तो, पूर्ण उघडा सोडला की फोर्क झटकन वर येतो आणि एकदम जिवंत वाटतो. तीन गोष्टी, पाच मिनिटांचं काम, फोर्कचा एक बोल्टही सैल न करता. माझ्या सायकलवर त्याने नेमक्या याच तीन गोष्टी केल्या होत्या.

ट्रेलवर गेल्यावर पहिल्याच उतारावर ब्रेक दाबला की पुढचा भाग भसकन खाली, छोट्या पायरीवरनं उतरलं तरी फोर्क तळाला ठोकतोय, आणि दगडांवरनं जाताना पुढचं चाक उसळ्या मारतंय. त्याला फोन केला तर म्हणतो नवीन सील आहेत, बसायला वेळ लागतो, अजून थोडं चालवा. नवीन सील सुरुवातीला थोडे घट्ट लागतात हे खरंच आहे, पण त्याने फोर्क कडक लागेल, तळाला कसा ठोकेल? म्हणून मग सॅग मोजला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सॅग म्हणजे तुम्ही नुसते सायकलवर उभे राहिलात की तुमच्या वजनाने फोर्क जितका बसतो तेवढं अंतर. हेल्मेट, पाण्याची बॅग सगळं घालून, दोन्ही पाय पेडलवर, कुणालातरी सायकल धरायला सांगायचं, स्टँशनवरची रबरी रिंग सीलला टेकवायची (रिंग नसेल तर झिप टाय बांधा), मग न हिसकता खाली उतरायचं आणि रिंग किती वर गेली ते पट्टीने मोजायचं. ट्रॅव्हलने भागायचं, शंभराने गुणायचं. फोर्कला साधारण 15 ते 20 टक्के, फार तर 25, मागच्या शॉकला 25 ते 30 टक्के. 120 च्या फोर्कला 24 मिमी म्हणजे 20 टक्के. माझा आला 44 मिमी. जवळजवळ 37 टक्के! म्हणजे कस्टम ट्यूनिंगच्या नावाखाली त्याने फक्त हवा सोडली होती. फोर्कच्या पायावर वजनाप्रमाणे प्रेशरचा चार्ट चिकटवलेला आहे, तो बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

परत पुण्याला गेले. आता त्याने जे केलं ते माझ्या मते सगळ्यात घाणेरडं आहे आणि याच ट्रिकला सगळ्यात जास्त लोक बळी पडत असणार. त्याने माझ्यासमोर शॉक पंप (फोर्कमध्ये हवा भरायचा गेजवाला पंप) लावून हवा भरली, गेज दाखवला, 95. पंप काढला, काढताना फुस्स असा आवाज. मग म्हणाला आता बघा, पुन्हा पंप लावला, गेज 80 च्या जवळ. "ताई हवा लीक होतेय, एअर सील गेलंय, आतला शाफ्टपण खराब दिसतोय." खर्च सांगितला अजून सात-आठ हजार, आणि लगेच पुढचं, एवढा खर्च करण्यापेक्षा हा फोर्क मला देऊन टाका, एक्स्चेंजमध्ये दुसरा लावून देतो वरच्या पैशात. माझ्या फोर्कची जी किंमत त्याने लावली ती ऐकून तिथल्या तिथे कळलं की याचा डोळा फोर्कवरच आहे.

तर मंडळी, ते लीक नव्हतं. शॉक पंप परत लावला की पंपाची नळी आणि गेज रिकामे असतात, त्यात फोर्कमधलीच हवा शिरते, त्यामुळे आकडा दर वेळी कमीच दिसणार, नव्या कोऱ्या फोर्कवरही. काढताना जो फुस्स आवाज येतो तो नळीतल्या हवेचा असतो, फोर्कमधल्या नाही. दुसरं, एअर फोर्कमध्ये खालच्या बाजूला एक निगेटिव्ह चेंबर असतो. हवा भरून फोर्क आठ-दहा वेळा सावकाश दाबला की थोडी हवा त्या चेंबरमध्ये जाते, मुख्य चेंबरचा आकडा उतरतो आणि परत थोडी भरावी लागते, हे कंपनीच्या सेटअप गाइडमध्येच लिहिलेलं असतं. खरं लीक तपासायचं असेल तर सॅग मोजा, पंप न लावता सायकल रात्रभर तशीच ठेवा, सकाळी परत सॅग मोजा. सारखा आला तर सील ठीक आहे. मी घरी येऊन हेच केलं, सॅग जागचा हलला नव्हता.

त्यानंतर ओळखीतून पिंपरीतले एक जुने मेकॅनिक मिळाले, मी त्यांना काकाच म्हणते. त्यांनी उघडायच्या आधीच मला खाली वाकून बघायला लावलं. फोर्कच्या दोन्ही पायांच्या तळाला एकेक बोल्ट असतो, फूट बोल्ट, लोअर, म्हणजे खालचे पाय, काढायचे तर ते सोडावेच लागतात, दुसरा रस्ताच नाही. माझ्या बोल्टच्या खाचेत लाल माती वाळून घट्ट बसलेली होती, पाना जाऊच शकला नसता. काकांनी टोकरून माती काढली, मला व्हिडिओ काढायला सांगितलं आणि मग बोल्ट सोडले. खाली ट्रे ठेवला होता. नव्याने टाकलेलं ऑइल स्वच्छ बाहेर यायला पाहिजे, मॉडेलप्रमाणे प्रत्येक पायात पाच-दहा मिली तरी असतं. आलं काय, काळपट पाण्याचे चार थेंब. वायपर सीलच्या खाली ज्या फोम रिंग असतात, ज्यांचं काम ऑइल धरून ठेवून नळ्या ओल्या ठेवायचं, त्या मातीने भरून कडक झालेल्या. सील फॅक्टरीतलेच, जुने. मग सगळी हवा सोडून वरची एअर कॅप उघडली (हवा न सोडता ती कधीही उघडू नका, कॅप उडून तोंडावर येऊ शकते), आत टोकन आधी होतं तेवढंच, वाढवलेलं नाही. म्हणजे साडेआठ हजारांत एक रुपयाचाही पार्ट नाही. आणि कोरड्या, मातीच्या रिंगांवर नळ्या घासून डाव्या स्टँशनच्या मागच्या बाजूला कोटिंग उडालेलं, बोटभर लांब पट्टा. ते दुरुस्त होत नाही, क्राऊनसकट, म्हणजे दोन्ही नळ्या वर जिथे जोडलेल्या असतात त्या तुकड्यासकट, वरचा पूर्ण भाग बदलावा लागतो. सध्या मी तसाच वापरतेय.

काकांनी खरी सर्व्हिस समोर बसवून केली, जुने सील, रिंग, वॉशर पिशवीत घालून माझ्या हातात दिले, प्रेशर किती, रिबाउंड पूर्ण बंद करून तिथनं किती क्लिक उघडलाय, हे कागदावर लिहून दिलं. सॅग आता 25 मिमी. एका जागी तर टोकन वाढवायची गरजच नाही म्हणाले, कारण सॅग बरोबर असताना फोर्क तळाला लागत नसेल तर टोकन घालून शेवटचा ट्रॅव्हल उगाच कडक होतो. धंदा हातात असताना नको म्हणणारा माणूस, त्यावरच माझा विश्वास बसला.

हे सगळं चार जणांना सांगितल्यावर कळलं की त्याच माणसाकडे फुल सस्पेन्शनवाले, म्हणजे मागेही शॉक असलेल्या सायकलवाले, पण गेलेत. एकाच्या रिअर शॉकची डँपर सर्व्हिस त्याने एका दुपारी करून दिली म्हणे. बहुतेक रिअर शॉकच्या डँपरमध्ये नायट्रोजन दाबाने भरलेला असतो, तो परत भरायला सिलिंडर आणि वेगळी फिटिंग लागते, ऑइलमधली हवा काढावी लागते, आणि त्याच्या दुकानात यातलं काहीही मला दिसलं नाही. फार तर बाहेरची एअर स्लीव्ह (हिलाच एअर कॅन म्हणतात) साफ केली असेल, ते काम वेगळं आणि बरंच स्वस्त असतं. त्यामुळे शॉक देताना एअर कॅन सर्व्हिस की डँपर सर्व्हिस हे स्पष्ट लिहून घ्या, आणि डँपर म्हणत असतील तर नायट्रोजनची फिटिंग दाखवा म्हणा.

सायकल देताना मी आता जे करते ते सांगते. फूट बोल्टच्या कडेपासून पायाच्या मेटलवर येईल अशी नेलपेंटची बारीक रेघ मारायची आणि फोटो काढायचा, बोल्ट फिरला की रेघ तुटते. रिबाउंडचे क्लिक आणि सॅग आधी मोजून लिहून ठेवायचे. जुने पार्ट परत पाहिजेत हे देतानाच सांगायचं, नंतर नाही, नंतर ते नेहमी "कचऱ्यात गेले" असतात. फोर्कवरचा सिरियल नंबर लिहून घ्यायचा, त्यावरून कंपनीच्या साइटवर मॉडेल निघतं आणि कुठल्या पायात कुठलं ऑइल किती मिली हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये फुकट वाचायला मिळतं. मेकॅनिकला तेवढं एकच विचारायचं, कुठलं ऑइल किती टाकणार? काम करणारा लगेच आकडा सांगतो किंवा मॅन्युअल उघडून दाखवतो. आणि शॉक पंप स्वतःचा घ्या, पेट्रोल पंपावरची हवा फोर्कला चालत नाही.

तक्रारीचं म्हणाल तर आधी 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंदवली, त्यावर त्याने "फ्रीमध्ये परत करून देतो" एवढंच उत्तर दिलं. सायकल परत त्याच्या ताब्यात द्यायला मी नकार दिला आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला. ऑनलाइन भरता येतो, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायचा. आणि 2019 च्या कायद्यात केलेल्या कामाचं बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, त्यामुळे "बिल नाही तर तक्रार कशी करणार" म्हणून गप्प बसू नका. माझ्या अर्जाला यूपीआयची पावती, चॅट, बोल्ट उघडतानाचा व्हिडिओ आणि काकांनी सही करून दिलेला कागद जोडलाय, जुने सील पिशवीसकट जपून ठेवलेत. पुण्यात कुणाला असाच अनुभव आला असेल तर त्याच्याबरोबरचं चॅट डिलीट करू नका, फोर्क दुसऱ्याकडे उघडायच्या आधी बोल्टचे फोटो काढा, आणि मला मेसेज करा, माणूस तोच निघाला तर तुमची तक्रार कशी भरायची ते मी सगळं सांगेन.