रविवारचं एमबीए, सांगली: 62 हजार रुपये आणि एक वही

फी आधी सांगते, कारण माहितीपत्रकात ती शेवटच्या पानावर बारीक टायपात होती. दोन वर्षांचे 62 हजार, चार हप्त्यांत. परीक्षा फी वेगळी, प्रोजेक्टची वेगळी, आणि ओळखपत्र हरवलं तर दोनशे. (मी एकदा हरवलं.) एमबीए, विशेष विषय एचआर, दूरशिक्षण, 2022 ते 2024. संपर्क वर्ग दर रविवारी नऊ ते दीड, सांगली-मिरज रस्त्याजवळच्या एका संस्थेत. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथली एक-दोन माणसं सोन्यासारखी आहेत, आणि बाकीच्यांकडे माझं मार्कशीटवरच्या नावाच्या दुरुस्तीचं काम अजून अडकलंय.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत टाईम ऑफिसला आहे. चौदा वर्षं मस्टर, ओव्हरटाईम, पीएफ, ईएसआय. मध्यंतरी कंपनीत नवीन एचआर ऑफिसर आला. वय पंचवीस, इस्त्रीचा शर्ट, एमबीए. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, यूएएन म्हणजे काय हो?" (पीएफसाठी प्रत्येक कामगाराला मिळणारा खातेनंबर.) पोरगा गुणी होता, राग त्याचा नव्हताच. पण त्याचा पगार माझ्या दीडपट होता आणि तो पगारपत्रकात मीच भरत होते. त्या रात्री मिस्टरांना म्हटलं, दिवाळीत सोनं नको, मला फी भरायचीय.

वर्गात चाळीस नावं. पहिल्या रविवारी चाळीसच्या चाळीस हजर, दिवाळीनंतर अकरा. मिरजेच्या एका दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या ताई, दोन बँकवाले, बीकॉम होऊन घरी बसलेली चार-पाच पोरं, आणि साखर कारखान्यातले एक भाऊ, जे बॉयलर पेटला की गायब व्हायचे ते थेट गाळप संपल्यावर उगवायचे. तोवर त्यांची हजेरी आम्ही लावायचो. टाईम ऑफिसवालीने खोटी हजेरी लावावी हे बरं नव्हे, पण लावली.

शिकवणं कसं? सेमिस्टरप्रमाणे सांगत बसत नाही. मार्केटिंग, आयटी, बिझनेस कम्युनिकेशन हे विषय स्लाइड वाचून झाले. वाचणाऱ्या मॅडमही आमच्याइतक्याच कंटाळलेल्या होत्या. अकाउंट्स बँकवाल्यांनीच आम्हाला शिकवलं, जिन्यात बसून.

व्यवस्थापनाची तत्त्वं आणि संघटनेतलं वर्तन हे पेपर मात्र मला आवडले, आणि त्याचं श्रेय नोट्सना नाही. नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. माणसाच्या गरजा पायरीपायरीने दाखवणारा मास्लोचा त्रिकोण आमच्या प्रतीत अर्धा काळा होता, वरचं टोकच दिसत नव्हतं, म्हणजे माणसाने शेवटी काय व्हायचं ते सांगलीपर्यंत पोचलंच नाही. मास्लोने 1943 साली गरजांची उतरंड मांडली तेव्हा त्या लेखात त्रिकोण नव्हताच, तो मागाहून लोकांनी काढला. हे मला मोबाईलवर शोधताना कळलं. मी ते उत्तरपत्रिकेत लिहिलं, त्रिकोण काढला नाही, आणि सरावपरीक्षेत मार्क गेले. "आकृतीला चार मार्क असतात ताई," एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या वेळी पट्टीने काढला, रंगवला, चार घेतले.

माणूस कशाने मनापासून काम करतो हे शोधणाऱ्या हर्झबर्गचं तसं नाही, तो थेट आमच्या कँटीनमध्ये आला. त्याचं म्हणणं साधं आहे: पगार, कामाची जागा, साहेबाची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस चिडतो, पण त्या सुधारल्या म्हणून तो उत्साहाने काम करेलच असं नाही. उत्साह येतो कामातून, कौतुकातून, जबाबदारीतून. आमच्याकडे चहाचा कंत्राटदार बदलला आणि चहात नुसतं पाणी यायला लागलं, तेव्हा फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या पाळीने अर्धा तास काम बंद ठेवलं होतं. पुढे चहा सुधारला. उत्पादन होतं तेवढंच राहिलं. मॅनेजर म्हणाले, "एवढं दूध घालून काय उपयोग झाला?" तेव्हा मी गप्प होते, कारण हर्झबर्ग माहीत नव्हता. एक मात्र खटकलं. 1959 साली त्याने जो अभ्यास छापला तो पिट्सबर्गच्या दोनेकशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवर. त्यात एकही मोल्डर, म्हणजे साचे करणारा कामगार नव्हता. भट्टीसमोर आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला पगार हा नुसता "चिडू नये म्हणून" असतो का, हे मी वर्गात विचारलं. मॅडम म्हणाल्या, पोर्शन संपवायचाय.

हॉथॉर्नचे प्रयोगही तसेच. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात 1924 पासून दिवे कमी-जास्त करून पाहिले, आणि उजेड वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी फारसं घटलं नाही. आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय याचाच परिणाम, असा अर्थ पुढे लावला गेला. आमच्याकडे पुण्याहून मोठे साहेब यायचे असले की त्या पाळीला रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल, कमी येतं. साहेबांची गाडी गेटबाहेर पडली की पुन्हा मूळपदावर.

साखर कारखान्याच्या भाऊंनी एकदा विचारलं होतं की हंगामी कामगाराला गाळप बंद असताना जो रिटेन्शन अलाउन्स मिळतो, तो वेतनाच्या धड्यात कुठे बसतो. पुस्तकात पाहिलं, नोट्समध्ये पाहिलं, नव्हता. सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात एचआर शिकवता आणि त्यात ऊस नाही, साखर नाही, हमाल-माथाडी नाही. सगळी उदाहरणं बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांची. हळदीच्या पेठेत पोती उचलणाऱ्याचं "एम्प्लॉयी एंगेजमेंट" कसं करायचं, सांगा की.

आता कामाचं सांगते. तिसऱ्या सेमिस्टरला लेबर लॉ आणि कॉम्पेन्सेशन हे दोन पेपर शिकवायला एक सर आले. एका मोठ्या कारखान्यात कार्मिक विभागात उभा जन्म काढून रिटायर झालेले. स्लाइड नाही, नोट्स नाही. खडू आणि खिशात घडी घातलेला रुमाल. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं: 15 भागिले 26. म्हणाले, "हे ज्याला कळलं त्याची फी वसूल."

नोकरी संपताना मालकाने एकरकमी द्यायची ती ग्रॅच्युइटी, तिचं ते सूत्र. तेव्हा 1972 चा कायदा होता. शेवटचा पगार, म्हणजे बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. सव्वीस का? महिन्यातले चार रविवार सुटीचे म्हणून कामाचे दिवस सव्वीस. आणि शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरायचं. सर म्हणाले, घरात कुणी रिटायर झालं असेल तर त्यांचा फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा कागद काढा आणि पुढच्या रविवारी गणित करून आणा. हाच गृहपाठ.

आमचं घर सांगलीवाडीत. 2019 च्या महापुरापासून घरातले सगळे कागद झाकणाच्या डब्यात, माळ्यावर. मामंजी 2021 ला एका छोट्या इंजिनिअरिंग वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते, 22 वर्षं 7 महिने नोकरी. शेवटचा बेसिक-डीए 13 हजार. डबा खाली काढला, कागद सापडला. त्यावर हाताने केलेला हिशेब: 13,000 भागिले 30, गुणिले 15, गुणिले 22. एक लाख 43 हजार. खाली मामंजींची सही, आणि "पूर्ण समाधानी" असं कुणाच्या तरी अक्षरात.

मी वहीत केलं. सव्वीसने भागून पाचशे. गुणिले पंधरा, साडेसात हजार. सात महिने जास्तीचे म्हणून वर्षं 23. एक लाख 72 हजार 500. फरक 29 हजार 500 रुपये. तीनदा केलं. मिस्टरांना उठवलं, त्यांनी मोबाईलवर केलं. तेवढंच. मामंजी कॉटवर उठून बसले आणि म्हणाले, "मालक फसवणारा नव्हता गं. त्यांच्या दिवाणजीला येत नसंल."

सरांना कागद दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि इतर मुलांना काहीच न सांगता मधल्या सुट्टीत माझ्याबरोबर बसून अर्जाचा मसुदा लिहून दिला. उशीर झालाय, कुरकुर करतील, पण सही दिली म्हणून कायद्याने मिळणारा हक्क जात नाही, असं म्हणाले. कुरकुर झाली. दोन खेपा मारल्या, तिसऱ्या खेपेला मी कामगार कार्यालयाचं नाव काढलं. सात महिन्यांनी चेक आला. उशिराच्या रकमेवर व्याजाचीही तरतूद आहे, ते मी मागणार होते. मामंजी नको म्हणाले. अजून आमचा त्यावरून वाद होतो.

तर 62 हजारांपैकी निम्मे असे परत आले. पण हा योगायोग आहे, संस्थेची गॅरंटी नाही. सर पुढच्या बॅचला येणार की नाही ते फी भरण्याआधी विचारून घ्या. मानधनावरून त्यांचं काहीतरी बिनसलं होतं.

आणखी एक विचारा: नोट्स कोणत्या सालच्या? जुने 29 कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या, त्या संसदेत 2019 आणि 2020 मध्येच मंजूर झाल्या. आमच्या नोट्समध्ये त्यावर एक परिच्छेद होता, तोही फोटोकॉपीत तिरका गेलेला. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या लागू झाल्यात. वेतनाची व्याख्या बदललीय, भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे, मुदतीच्या कराराच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. हे जिथे शिकवत नसतील तिथे पैसे देऊ नका, ते पैसे घेऊन वसंतदादांच्या पुतळ्याजवळ उभं राहून भडंग खाल्लेलं बरं.

प्रोजेक्टबद्दल लिहायलाच हवं. संस्थेच्या गल्लीतच एका झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रोजेक्ट मिळतात. अडीच हजार, सोनेरी अक्षरांच्या बाइंडिंगसकट. विषय बहुतेक एकच, कर्मचाऱ्यांचं समाधान. कंपनीचं नाव तेवढं बदलून देतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराने दूध संघाच्या नावाने घेतला, आणि आत 43 व्या पानावर "खाणीतील कामगारांना हेल्मेट पुरवले जाते" असं वाक्य राहिलं होतं. व्हायवाला कुणी 43 वं पान उघडलं नाही. त्याला माझ्यापेक्षा सहा मार्क जास्त.

मी खाड्यांवर केला. मस्टर माझ्याच हातात, तीन वर्षांची हजेरी, 84 माणसं. मॅनेजरांचा ठाम समज की पगार झाला की लोक पिऊन पडतात. तक्ता मांडला तर पगारानंतरचे खाडे किरकोळ निघाले. खरे खाडे ऑक्टोबरात. आणि ते कोणाचे? तासगाव आणि कवठेमहांकाळकडून येणाऱ्यांचे. द्राक्षाची छाटणी! घरच्या बागेत छाटणी सुरू झाली की माणूस कामावर येईलच कसा. आणि मजूर लावायचा तर त्याच दिवसांत मजुरीचा दर चढलेला. दुसरा गठ्ठा चैत्रात, गावोगावच्या जत्रांचा. मी लिहिलं की या माणसांना ऑक्टोबरात पाळी बदलून द्या, रजा आधी लिहून घ्या, आणि सांगली शहरातल्या माणसांना तेव्हा ओव्हरटाईम द्या. परीक्षकांनी विचारलं, "हायपोथेसिस काय? काय-स्क्वेअर कुठंय?" काय-स्क्वेअर ही आकडेशास्त्रातली चाचणी, ती लावली नव्हती. छाटणी म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही, सांगलीचेच असावेत.

मॅनेजरांनी मात्र तो वाचला. पहिल्या ऑक्टोबरात दोन पाळ्यांत अदलाबदल करून पाहिली. खाडे कमी झाले. किती ते सांगत नाही, एकाच वर्षाचा आकडा आहे.

किरकोळ: पिण्याचं पाणी ठीक. बायकांचं स्वच्छतागृह एकच, आणि त्याची किल्ली शिपाईमामांकडे. निकाल चार महिने उशिरा. "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणजे पुण्यातल्या एका विमा एजन्सीचा एक एसएमएस. गाडी लावायला जागा आहे, पावसात चिखल.

कामावर काय झालं? ओळखपत्रावर "एक्झिक्युटिव्ह, एचआर" आलं आणि पगारात 1,800 रुपये. टेबल तेच, खिडकी तीच. गेटवरून अजून "टाईम ऑफिसवाल्या ताई" अशीच हाक येते.

यंदा कुणी प्रवेश घेत असाल तर माझ्या चारही सेमिस्टरच्या नोट्स फुकट देते, पिशवी घेऊन या. सरांच्या तासाची वही सोडून. ती सांगलीवाडीला येऊन आमच्या ओट्यावर बसून उतरवून घ्यायची. मामंजी चहा पाजतील, आणि 29 हजार 500 ची गोष्टही ऐकावी लागेल.