काका मोझांबिकहून गाडी घेऊन आले होते म्हणे

गोव्यात जुनी गाडी खपवणारा हुशार माणूस आधी घर दाखवतो, गाडी नंतर. आम्हाला सासष्टीतल्या एका गावातलं घर दाखवलं. पुढे बलकांव, म्हणजे बसायची ओसरी, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं, अंगणात मोडकळलेलं कारंजं. बाजूच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली लाल रंगाची एमजी-बी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश गाडी, क्रोमचे बंपर, तारांची चाकं. मी आणि माझा फोंड्याचा मित्र, दोघेही जुन्या गाड्यांच्या नादातले. विकणारा पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं आर्जवी.

गाडी त्याच्या काकांची. काका म्हणे लोरेन्सो मार्किशला, म्हणजे आजच्या मापुटोला, नोकरीला होते. १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाला आणि ते गाडीसकट बोटीने घरी परतले. आफ्रिकेतून असे कितीतरी गोंयकार परतलेले आहेत, प्रत्येक गावात एखादं घर सापडतं, त्यामुळे गोष्ट कानाला खटकत नाही. काका वारले, काकी लिस्बनला मुलीकडे, घरदार आणि गाडी पुतण्याच्या हवाली. मॉडेल १९६६. मुखत्यारपत्राची झेरॉक्स तयार. ‘‘पात्रांव, कागद पळयात, सगळें क्लियर आसा.’’ म्हणजे साहेब, कागद बघा, सगळं क्लियर आहे.

मागितले २० लाख, ठरले १६ वर.

या किमतीमागे एक कारण आहे. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, पण खरेदी-विक्री रीतसर होते. तेव्हापासून शेडमध्ये कुजणाऱ्या लोखंडालाही भाव आला, आणि जुन्या आरसी बुकाला तर गाडीपेक्षा जास्त.

त्याचं आरसी बुकही झकास होतं. कडा कुरतडलेल्या, शाई पिवळी पडलेली, गोव्याचा जुना ‘जीडी’ सीरिजचा नंबर. गाड्यांच्या नोंदींच्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर हा नंबर दिसत नाही म्हटल्यावर उत्तर तयार: जुनी बुकं कॉम्प्युटरवर चढवलेलीच नाहीत. यातलं अर्धं खरं आहे, तेच तर वाईट. कितीतरी जुन्या नोंदी अजून रजिस्टरातच पडून आहेत. पण रजिस्टर असतं! आरटीओत अर्ज करून ते उघडून घेता येतं, आणि ते विसार देण्याआधी करायचं असतं. तो मात्र घाई लावत होता, मुंबईचा कोणी पार्टी रविवारी पैसे घेऊन येणार होता.

गाडी दाखवली ऐन जुलैत. रंग नवीन आहे, पावसात बाहेर काढायची नको म्हणून शेडमध्येच स्टार्ट केली. बॉनेटला हात लावला तर कोमट. इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं, थंड इंजिन कसं सुरू होतं आणि कोणत्या रंगाचा धूर सोडतं ते कळूच नये म्हणून. खालून सगळीकडे ताजं काळं अंडरकोट, गंज झाकणारं. १६ पैकी ६ लाख बँकेतून घेतले, उरलेले रोख मागितले. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, हे मित्राने सांगितलं तेव्हा हसून म्हणाला, ‘‘काकींना हप्त्याहप्त्याने पोचवतो.’’

गाडी घरी आली आणि मडगावच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने फेरी मारली, आत डोकावला आणि विचारलं, ‘‘मोझांबिकची म्हणतात ना? मग स्टिअरिंग डावीकडे कसं?’’ मोझांबिकमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते, तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे. पुढच्या काचेवर तीन वायपर होते. १९६६ च्या एमजी-बीला दोनच. तीन वायपरची रोडस्टर १९६८ पासून अमेरिकेच्या बाजारासाठी बनायला लागली.

मग तो सीटच्या मागे गेला. एमजी-बीच्या बॅटऱ्या तिथे असतात, आधीच्या गाड्यांना सहा व्होल्टच्या दोन. आमच्या गाडीत बारा व्होल्टची एकच, आणि तिची जागाही कारखान्यातच तशी बनवलेली. ती १९७४ च्या शेवटाकडे आली, काळ्या रबरी बंपरांबरोबर. त्याच वेळी गाडीची उंचीही इंचभर वाढवली होती. म्हणजे ही सत्तरच्या दशकातली अमेरिकन गाडी, रबरी बंपर काढून क्रोमचे चढवलेली. बंपर बदलता येतात, उंची सहसा कोणी बदलत नाही. आरसी बुकात इंजिन नंबर ‘१८जीबी’ने सुरू होणारा, म्हणजे साठच्या दशकातला. ब्लॉकवरची पट्टी सांगत होती ‘१८व्ही’. ते इंजिन १९७१ नंतरचं. चॅसी नंबर मात्र ‘जीएचएन३’ने सुरू होणारा, १९६६ च्या गाडीला अगदी बरोबर होता. लिहिणाऱ्याला गाडीची माहिती होती, एवढं कौतुक करायलाच हवं. या नंबराची पाटी रिव्हेट मारून बसवलेली असते, ती काढून दुसरी लावायला वेळ लागत नाही.

लोहचुंबक दाराखालच्या पत्र्याला धरला, तो घसरून पडला. आत पत्राच नव्हता, नुसती लांबी, म्हणजे पुटी, भरलेली. या गाडीला वेगळी चॅसी नसते आणि छप्पर उघडं, त्यामुळे सगळा जोर दाराखालच्या या पत्र्याच्या पेटीवर असतो. मेकॅनिकने मागच्या चाकापुढे जॅक लावून उचलली, तशी दाराची मागची फट मिटली आणि दार उघडेना. गोव्याच्या खाऱ्या हवेत ही पेटी आतून सडते. बाहेरून रंग आरशासारखा राहतो.

नावावर करायला आरटीओत गेलो. इन्स्पेक्टरने पाटीवर कागद ठेवून पेन्सिल घासली, ठसा बघून भुवया चढवल्या, आकडे एका रांगेत नव्हते. मग रजिस्टर काढलं. तो नंबर एका फियाटचा, कधीच भंगारात गेलेली. आमचं बुक बनावट. गाडी देशात कशी आली याचा कस्टम्सचा एकही कागद नाही. ड्युटी न भरलेली गाडी निघाली तर कस्टम्स ती जप्त करू शकते, मग ती कितव्या हाती का असेना.

पोलिसांत तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली. घराच्या खऱ्या मालकीणबाई लिस्बनला आहेत, एवढं एक खरं निघालं. त्यांना असा पुतण्याच नाही, तो घराची देखरेख करणाऱ्याच्या ओळखीचा होता. त्यांच्याशी एक व्हिडिओ कॉल विसाराआधी झाला असता तर तो तिथेच उघडा पडला असता. म्हणून मुखत्यारपत्र कोणी दाखवलं तर झेरॉक्सवर बोलू नका. मूळ प्रत मागा आणि ज्याने दिलंय त्याच्याशी बोला. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही समोर बसून घ्या, आधीच सह्या केलेले फॉर्म घेऊ नका. परदेशी गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद, बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मेकॅनिक आपला न्या, आणि गाडी लिफ्टवर चढवायला विकणारा नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या.

म्हापशाच्या एका ओळखीच्या माणसाचा परवा फोन आला. बार्देशात एक मर्सिडीज विकायला आहे, डाव्या स्टिअरिंगची, इस्त्रीच्या शर्टवाला पन्नाशीचा माणूस, वारलेले काका, लिस्बनच्या काकी. फक्त काका आता अंगोलाहून परतलेत. अंगोलात वाहतूक उजवीकडून चालते.