शेअर्ड बफर्स की बफर पूल: रॅम कुणाच्या हाती द्यावी?

६४ जीबी रॅमचा नवा सर्व्हर आलाय आणि पोस्टग्रेस की मायएसक्यूएल, यातला कोणता डेटाबेस घ्यायचा यावर टीमचं एकमत होत नाहीये, अशा वेळी हे उपयोगी पडावं. रेप्लिकेशन, लायसन्स वगैरे मुद्दे सोडून देतो. मी फक्त मेमरीबद्दल लिहितोय, कारण माझा निर्णय तिथेच झाला.

दोघांचे स्वभाव मुळातच वेगळे. पोस्टग्रेसच्या शेअर्ड बफर्सना, म्हणजे डेटाची पानं रॅममध्ये ठेवायच्या त्याच्या स्वतःच्या जागेला, रॅमचा साधारण पाव हिस्सा द्यायचा, बाकीचं कॅशिंग लिनक्स बघून घेतं. मायएसक्यूएलमध्ये डेटा सांभाळणाऱ्या इनोडीबी इंजिनचं तसं नाही. मशीनवर दुसरं काही चालत नसेल तर ७५-८० टक्के रॅम त्याच्या बफर पूलला (तशाच जागेला) देतात, आणि ओ-डायरेक्ट हे सेटिंग लावलं की डेटा फाइल्सपुरता लिनक्सचा पेज कॅश (फाइल्सची पानं रॅममध्ये ठेवणारा) मधून बाजूलाच होतो. मायएसक्यूएल ८.४ पासून लिनक्सवर ते बहुधा आपोआपच लागलेलं असतं.

पोस्टग्रेसची मांडणी समंजस आहे, हे आधी कबूल करतो. सर्व्हिस रिस्टार्ट केली तरी लिनक्सकडची पानं बऱ्याच अंशी जागेवर राहतात. एकाच मशीनवर ॲप्लिकेशनही असेल तर रॅमची ओढाताण कमी होते. मी स्वतः १६ जीबी शेअर्ड बफर्सवर बरेच महिने निवांत होतो.

मग एका रविवारी पॅच लावून मशीन रीबूट झालं. सोमवारी सकाळी महिनाअखेरचा रिपोर्ट अडीच मिनिटं चालला. तोच पुन्हा चालवला, तर वीस सेकंदांच्या आत. दोन्ही वेळा एक्स्प्लेन ॲनालाइझ, म्हणजे क्वेरी कशी चालली त्याचा तपशील, बफर्सच्या आकड्यांसकट घेतला आणि आउटपुट शेजारी-शेजारी ठेवलं. प्लॅन तोच. ‘शेअर्ड रीड’, म्हणजे शेअर्ड बफर्समध्ये न सापडल्याने बाहेरून आणलेली पानं, दोन्हीकडे २८ लाखांच्या आसपास. एवढा वेळ कुठे गेला, ते त्या आकड्यावरून कळायला मार्गच नव्हता.

कारण नंतर उलगडलं. टेबल शेअर्ड बफर्सच्या चौथ्या हिश्शाहून मोठं असेल तर सीक्वेन्शियल स्कॅन (अख्खं टेबल ओळीने वाचणं) पुन्हा-पुन्हा वापरल्या जाणाऱ्या बफर्सच्या छोट्या रिंगमधून होतो, म्हणजे ती पानं शेअर्ड बफर्समध्ये मुक्कामाला थांबतच नाहीत. दर वेळी ‘रीड’च. पण पान डिस्कवरून आलं की लिनक्सच्या कॅशमधून, हे पोस्टग्रेसला ठाऊक नसतं. ट्रॅक आयओ टायमिंग (वाचायला लागलेला वेळ मोजणारं सेटिंग) चालू केलं की वेळेवरून अंदाज बांधता येतो, पण ते मुळात बंद असतं, आणि अंदाज तो अंदाजच. आणखी रॅम घ्यावी का, या प्रश्नाला माझ्याकडे ठाम उत्तर नव्हतं. मला हे फार खुपलं.

इनोडीबीकडे आल्यावर हा घोळ मिटला. त्याचा ‘पेजेस रीड’ हा आकडा वाढला म्हणजे पान खालून, स्टोरेजवरून आलं. स्टोरेजचा स्वतःचा कॅश असेल तर तेवढी फट राहते, पण सर्व्हरच्या रॅमपुरता हिशोब चोख लागतो. मोठ्या स्कॅनने रोजची पानं हुसकली जाऊ नयेत म्हणून नवं पान यादीच्या शेंड्यावर न टाकता शेवटच्या तीन-अष्टमांश भागाच्या तोंडाशी घालतात. बंद होताना कोणती पानं गरम होती त्याची यादी लिहून ठेवतं आणि चालू होताना तीच परत भरतं, मायएसक्यूएल ५.७ पासून हे न सांगता होतं. पोस्टग्रेसमध्येही आवृत्ती ११ पासून याच कामाचं ऑटोप्रीवॉर्म आहे, फक्त ते आठवणीने लावावं लागतं.

तुमचं मशीन सामायिक असेल आणि मेमरीकडे रोज बघायला माणूस नसेल, तर पोस्टग्रेस बहुधा कमी त्रास देईल. डेटाबेससाठी वेगळं मशीन असेल तर मी बफर पूलच घेईन. त्यातही हाव मात्र नको. कनेक्शन्सना स्वतःची मेमरी लागते, बॅकअपलाही लागते. मी बफर पूल ४८ चा ५४ जीबी करून बघितला, तर रात्रीच्या बॅकअपला स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) हलायला लागला. सकाळी एका कमांडने परत ४८ वर आणलं, सर्व्हिस बंद न करता. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी रिस्टार्टची वेळ मागावी लागली असती.